जाणारे आणि थांबणारे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक सहलीत नवेगाव बांध येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय दिला तो असा: "तुम्ही दोघं निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने बाहेर असता. राहता कुठे, खाता काय आणि परवडतं कसं, तेवढं सांगा." म्हणजे प्रश्न तीन आहेत. त्यांची उत्तरं मी देणारच आहे. पण एक चौथा प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही, म्हणून तो मी शेवटी स्वतःच विचारणार आहे. वेळ पंचवीस मिनिटांची दिली आहे. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे तास संपल्याची घंटा मला कळते. काळजी नसावी.

आधी एक खुलासा. "जग फिरून आल्या" असं माझी ओळख करून देताना म्हणाले. जग फार मोठं आहे हो! आम्ही सात देश पाहिले, तेही सगळे नाही पाहिले. आमची पद्धत अशी की एका ठिकाणी जायचं आणि महिनाभर, जमलं तर दोन महिने, तिथेच राहायचं. पु. ल. आणि सुनीताबाई यांचा प्रवास 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग'मध्ये आपल्यातल्या पुष्कळांनी वाचला आहे. ती पुस्तकं आमच्या घरी पाठ होती. पण ती वाचताना मला नेहमी वाटायचं की आपण गेलो तर देखाव्यांपेक्षा तिथल्या बाजारात पिशवी घेऊन जाऊ. तेच आम्ही केलं.

निघण्याआधी माझी एकच अट होती. छत्तीस वर्षं शाळा आणि स्वयंपाक दोन्ही केलं. तेव्हा प्रवासात सकाळचा चहा-नाश्ता आणि एक वेळचं जेवण ह्यांचं. नाहीतर मग जागा बदलली, ओटा तोच! ह्यांनी कबूल केलं. पहिल्या महिन्यात खिचडी, दुसऱ्यात पिठलं आणि तिसऱ्यात पोळ्या. पोळ्यांचा आकार श्रीलंकेसारखा यायचा, पण पोटात गेल्यावर नकाशा कोण पाहतो? बायकांनो, ही अट तिकीट काढायच्या आधी घाला. नंतर कोणी ऐकत नाही.

आता पहिला प्रश्न, राहण्याचा.

आमचा सगळ्यात मोठा प्रवास परदेशातला नाहीच. तो नर्मदा परिक्रमेचा. २०१७ च्या दिवाळीनंतर आम्ही ओंकारेश्वरहून निघालो आणि साडेपाच महिन्यांनी परत तिथेच पोचलो. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. अंतर अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे. जुना नियम तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांचा, तो पाळणारे आजही भेटतात. गुजरातेत नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून नावेत बसून पलीकडे मिठी तलाईला उतरावं लागतं. या सगळ्या वाटेवर आम्ही एकदाही हॉटेल शोधलं नाही. आश्रम, धर्मशाळा, देवळाचा ओटा, कोणाच्या घराची पडवी. "नर्मदे हर" म्हटलं की आतून कोणीतरी बाहेर यायचं. कुठे शिजवलेलं जेवण मिळायचं. कुठे सदावर्त मिळायचं, म्हणजे डाळ, तांदूळ, पीठ, मीठ हातात देतात आणि चूल तुम्ही मांडायची. पाचशे पोळ्या तरी ह्यांनी तिथेच लाटल्या असतील.

२०१९ ला आम्ही जपानच्या शिकोकू बेटावर गेलो. तिथे कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या नावाने अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा आहे, साधारण बाराशे किलोमीटरची. आम्ही थोडं चाललो, थोडं बसने आणि आगगाडीने गेलो. यात्रेकरू पांढरा अंगरखा घालतात, हातात काठी असते. अंगरख्यावर आणि टोपीवर चार अक्षरं लिहिलेली असतात, त्यांचा उच्चार 'दोग्यो निनिन'. अर्थ असा की दोघं मिळून चालले आहेत: एक यात्रेकरू आणि दुसरे त्याच्या सोबतीला आचार्य. एकटा माणूस चालला तरी तो दुकटाच असतो. हे ऐकून हे मला म्हणाले, "म्हणजे आपण चौघं झालो." वाटेत गावातल्या म्हाताऱ्या बाया संत्री, चहा, कधी नाणी हातात ठेवतात. याला 'ओसेत्ताई' म्हणतात आणि ती नाकारायची नसते, कारण देणारी बाई तुमच्या पायांनी यात्रा करत असते. राहायला मंदिरातल्या खोल्या किंवा 'मिन्शुकू', म्हणजे घरगुती खानावळ आणि मुक्काम एकत्र. जेवण संध्याकाळी सहाच्या सुमारास. आठ वाजता भूक लागली तर आपल्या डब्यातला चिवडा!

मग करोनाची वर्षं घरात गेली. २०२३ मध्ये आम्ही स्पेनमध्ये गेलो, कामिनोला. फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावापासून स्पेनमधल्या सान्तियागोपर्यंतची ही पायवाट पावणेआठशे किलोमीटरची आहे. यात्रेकरूंच्या पासबुकावर रोज मुक्कामाचा शिक्का मारून घ्यायचा. 'आल्बेर्गे' म्हणजे त्यांची धर्मशाळा. एका दालनात वीस-तीस पलंग, वर-खाली. रात्री दहाला दिवे बंद आणि सकाळी आठच्या आत बाहेर. बहुतेक ठिकाणी एकच रात्र राहता येतं. काही आल्बेर्गेंमध्ये ठरलेला दर नसतो, पेटीत यथाशक्ती टाकायचं. आणि तिथली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण मला शेवटी तिची गरज पडणार आहे: अशा धर्मशाळा चालवणारे बरेच जण पगारी नसतात. पूर्वी स्वतः ही वाट चाललेली माणसं साधारण पंधरा दिवसांसाठी परत येतात, फरश्या पुसतात, चादरी बदलतात, चालून आलेल्यांना जेवू घालतात आणि घरी जातात.

दुसरा प्रश्न, खाण्याचा. मी शाकाहारी, हे मासे खातात. त्यामुळे ह्यांची सोय कुठेही होते. जपानात भाजीच्या रश्श्यातसुद्धा बहुधा माशांचा अर्क असतो, तेव्हा खोलीत स्वयंपाकाची सोय पाहूनच बुकिंग करावं. आमच्याबरोबर लहान राइस कुकर, मेतकूट, भाजणी, तिखट आणि हिंग कायम असतं. भात जगात सगळीकडे मिळतो. भात, मेतकूट आणि वरून तूप, की माणूस ताळ्यावर येतो. मात्र विमानतळावर खाण्याच्या वस्तूंचा फॉर्म खरा भरा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत बियाणं, दूध, फळं यांबाबत फार कडक असतात. आणि औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटातच न्या.

तिसरा प्रश्न, पैशांचा. मोठा खर्च विमानाचा असतो, राहण्याचा नाही. जो माणूस दहा दिवसांत पाच शहरं पाहतो, तो रोज हॉटेल, रोज टॅक्सी, रोज उपाहारगृह यांत पैसे घालतो. महिन्याच्या बोलीवर खोली घेतली की दर उतरतो, भाजी बाजारातून येते आणि पाय फुकट चालतात. तिकीट बाजूला ठेवलं तर आमचा महिन्याचा खर्च घरच्या दुपटीच्या पुढे क्वचितच गेला. नेपाळला तर आपल्याला व्हिसाही लागत नाही. पोखऱ्यात आम्ही दोन महिने राहिलो. युरोपात शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विमा काढताना जुने आजार लपवू नका. इच्छापत्र, नॉमिनेशन आणि बँकेची कागदं एका फायलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे मुलांना सांगा.

ही झाली तीन उत्तरं. आता चौथा प्रश्न: आम्ही फिरत असताना मागे घर कोण सांभाळत होतं?

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही बुर्गोस या गावी पोचलो होतो. तिकडे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे एक वाजलेला. फोन आला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. त्या तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या आणि दिवसरात्र सोबतीला बाई ठेवलेली होती. बाईने वरच्या मजल्याचं दार वाजवलं. वरच्या ताई आणि भाऊजी धावत खाली आले, अँब्युलन्स बोलावली, आपल्या वॉचमनने जिन्यातून स्ट्रेचर उतरवायला हात दिला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ह्यांनी फोनवर संमती दिली, पण कागदावर सही भाऊजींनी केली आणि अनामत रक्कम स्वतःच्या खात्यातून भरली. माझी मुलगी पुण्याहून सकाळच्या विमानाने पोचली. आम्ही माद्रिदला आलो, तिथून मुंबई, मुंबईहून नागपूर. घरी यायला दोन दिवस लागले. त्या दोन रात्री ताई दवाखान्यात बसून होत्या.

सासूबाई बऱ्या झाल्या, काठी घेऊन चालल्या आणि पुढे दीड वर्ष आमच्यात होत्या. बुर्गोसच्या पुढची वाट आमची राहिली ती राहिलीच. तिचं मला वाईट वाटत नाही. मला रुतून बसलं ते वेगळंच. त्या आठवड्यात ताईंच्या भाचीचा साखरपुडा होता, त्यांचं तिकीट काढलेलं होतं. ते त्यांनी रद्द केलं. हे मला चार महिन्यांनी कळलं, तेसुद्धा त्यांच्याकडून नाही. त्यांचं नाव मी घेत नाही, घेतलं तर त्या आत्ता इथून उठून जातील. पण हे सांगते की त्यांच्या घरी बरीच वर्षं सासरे अंथरुणाला खिळून होते आणि ही त्यांची कितीतरी वर्षांतली पहिली मुक्कामाची सहल आहे.

तेव्हापासून कोणी विचारलं की तुम्ही दोघं प्रवास करता का, तर मी म्हणते, दोघं जातात, पण तिसरं कोणीतरी थांबलेलं असतं. जपानी यात्रेकरूच्या टोपीवर दोघांचा हिशोब आहे. माझ्या टोपीवर मी तिसऱ्याचंही नाव लिहीन.

आज ज्या गावात आपण बसलो आहोत, तिथे तर हे सगळं उघड्यावर मांडलेलं आहे. सकाळी आपल्या बस कोहमाऱ्याला महामार्ग सोडून इकडे वळल्या आणि मुलांनी तलाव पाहून "समुद्र! समुद्र!" केलं. हा समुद्र माणसांनी बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात, त्यांनी बांधकामाला मदत केली अशी कथा आहे. आणि कोलू पाटलाचा लोकांनी 'कोलासूर' देव केला. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा हा मुलूख आहे! दर हिवाळ्यात उत्तरेकडून, हिमालयापलीकडून पक्षी येऊन या भागातल्या तलावांवर उतरतात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपेक्षा उंच उडाल्याची नोंद आहे. एवढ्या लांबून यायचं ते कशाच्या भरवशावर? इथे पाणी असेल आणि पाण्यात खायला असेल, याच्या. म्हणजे मुक्काम आणि जेवण. आपला विषय तोच.

आणि याच पट्ट्यात सारसाचं जोडपं राहतं. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांतच उरले आहेत. माणसाच्या उंचीचा हा पक्षी जन्मभराची जोडी करतो, पण थंडीतल्या पाहुण्यांसारखा देश ओलांडून जात नाही. घरटं कधी धानाच्या उभ्या पिकात घालतो. तेवढा तुकडा जो शेतकरी तसाच राहू देतो, त्याच्यामुळे सारस आहे.

इथून जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. दिवाळीनंतर नागपुरात स्वेटरची दुकानं लागतात ना, त्यांत बसणारी मंडळी अशाच वसाहतींतली असतात. नवरा-बायको तीन-चार महिने परक्या शहरात भाड्याच्या खोलीत राहतात, तिथेच रांधतात, आणि मागे वसाहतीत म्हातारी माणसं आणि लेकरं थांबतात. आपण त्यांच्याशी स्वेटरच्या भावावरून घासाघीस करतो. पण लांबचा मुक्काम काय असतो ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता तलावाकडे परत येते. आपल्या या भागात हजारो जुने तलाव आहेत. त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मुलांनो, मामाचा तलाव नाही बरं का! 'मा' माजीचा आणि 'मा' मालगुजारीचा. पूर्वी मालगुजार आणि गाव मिळून त्यांची पाळ, तोंडं आणि पाट सांभाळत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण दर उन्हाळ्यात गाळ काढायचा कोणी, याचं ठरलेलं उत्तरही तिच्याबरोबर गेलं. पुष्कळ तलाव गाळाने भरले, त्यांत बेशरम माजली. ज्यांची मासेमारी त्यावर होती त्यांचे हाल झाले. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायका पुढे आल्या, काही तलावांतली बेशरम त्यांनी उपटून काढली आणि तिथल्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यामुळे मासे परत येतात, आणि माशांमागे पक्षी.

मारुती चितमपल्ली साहेब वनाधिकारी म्हणून इथे होते, हे आपल्याला त्यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकामुळे माहीत आहे. जंगलाची अनेक गुपितं त्यांना या गावच्या माधवराव पाटलांनी सांगितली. साहेब बदलीची नोकरी करणारे, पाटील गावातच राहणारे. जाणाऱ्याने पुस्तक लिहिलं, थांबणाऱ्याने त्याला ते दाखवलं.

आता मंडळी, आपल्या सोसायटीचं बोलू. पंचवीस वर्षांपूर्वी बत्तीस फ्लॅट भरले तेव्हा संध्याकाळी पार्किंगमध्ये सायकलींना जागा नसायची. आज त्यांतले नऊ फ्लॅट वर्षातून सहा महिने बंद असतात. कोणी मुलाकडे अमेरिकेत, कोणी पुण्याला, कोणी आमच्यासारखे हौसेने. फ्लॅट भाड्याने दिला तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेता येतं. नुसतं कुलूप लावलं तर काही लागत नाही. नियम बरोबर आहे. पण टाकीचं पाणी चढलं का हे पाहायचं, लिफ्टवाल्याच्या मागे लागायचं, रात्री एकला दार वाजलं तर उठायचं, हे त्या बंद घरांच्या वाट्याचं काम कोण करतं? उरलेले तेवीस करतात. त्यांतही चार-पाच घरंच. तीच माणसं कार्यकारिणीत, तीच गणपतीत, तीच दवाखान्यात.

मी आभार मानायला उभी नाही. आभार मानले की हिशोब मिटल्यासारखं वाटतं. कामिनोवरच्या धर्मशाळेची गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती इथे कामी येते. जो चालून आला, तो पंधरा दिवस झाडू घेऊन थांबतो. तशी थांबण्याची पाळी आपण लावू या. माझा प्रस्ताव साधा आहे. एक वही. जो दोन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर जाईल त्याने जाण्याआधी तिच्यात लिहायचं: किल्ली कोणाकडे, डॉक्टर कोण, जवळचा नातेवाईक कोण, फाइल कुठे. दवाखान्यात भरायला लागली तर रक्कम कोणत्या खात्यातून घ्यायची तेही. आणि परत आल्यावर, जितके महिने बाहेर तितके आठवडे, सोसायटीत 'थांबणारा' म्हणून त्याची पाळी. त्या आठवड्यांत रात्रीचा फोन त्याच्याकडे. कोणाच्या घरी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसायची जबाबदारी त्याची, म्हणजे त्या घरच्यांना चार दिवस बाहेर जाता येईल.

आमच्या दोघांची पाळी मी आजच लावून टाकते. गेल्या वर्षी आम्ही चार महिने बाहेर होतो, म्हणजे चार आठवडे झाले. फेब्रुवारी महिना आमचा. ताई, फेब्रुवारीत तुम्ही भाचीकडे जा. साखरपुडा हुकला तो हुकला, आता तिला मुलगी झाली आहे, बारसं आहे, हे मला कळलं आहे. तुमच्याकडच्या किल्ल्या, दूधवाल्याचा हिशोब आणि तुमची तुळस माझ्याकडे. स्वयंपाकाचं विचाराल, तर भाऊजी घरी राहणार असतील तर पोळ्या आमचे हे करून देतील. आता बऱ्यापैकी गोल येतात.

सर्वसाधारण सभेपुढे हा प्रस्ताव लेखी देणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदक हवा आहे. जेवणं होईपर्यंत नाव द्या.